शोरूमचा माल की बाजारातला?

ट्रकचा क्लच बदलायचा म्हणजे आधी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, हवेच्या नळ्या आणि वायरिंग बाजूला करायचं, गिअरबॉक्स जॅकवर तोलून मागं ओढायचा. तेव्हा कुठं प्रेशर प्लेट नजरेला पडते. एवढं झाल्यावर मिस्त्री फोन लावतो, “मालक, माल शोरूमचा आणू की बाजारातला?” तिकडं गाडी भरलेली असते, व्यापारी दर तासाला चौकशी करत असतो आणि दोन्हीकडच्या भावांत काही हजारांचा फरक असतो. उत्तर मात्र पाच मिनिटांत द्यावं लागतं.

घाईत दिलेलं हे उत्तर पुढं लाखभर किलोमीटर गाडीबरोबर फिरतं. ज्याच्याकडे एक-दोनच गाड्या आहेत आणि त्यांचे हप्ते चालू आहेत, त्याला सगळा माल शोरूमचा घेणं परवडत नाही. सगळा स्वस्तातला घेणं तर त्याहून परवडत नाही. मग कोणता भाग कुठून घ्यायचा? हे ठरवण्याची एक रीत आहे आणि ती एका प्रश्नापासून सुरू होते: हा भाग भरल्या गाडीत, धावत असताना निकामी झाला तर काय होईल?

कारखाना एक, खोकी दोन

ट्रकवर नाव एका कंपनीचं असतं, पण आतले बहुतेक भाग दुसऱ्यांनी बनवलेले असतात. पुण्यात मुंढव्याला भारत फोर्जमध्ये क्रँकशाफ्ट आणि पुढच्या अ‍ॅक्सलचे बीम घडतात आणि तिथून ट्रक कंपन्यांकडे जातात. बॉशच्या नाशिकच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल तयार होतात. पाटे जमना ऑटोसारख्या कंपन्या बनवतात, क्लच सेट्को, व्हॅलिओ किंवा झेडएफ बनवतात, ब्रेक लायनर राणे किंवा सुंदरम बनवतात, एअर ब्रेकचे व्हॉल्व्ह वॅबको या नावानं येतात. बेअरिंगं एसकेएफ, टिमकेन, शेफ्लर यांची. ट्रक कंपनी गाडीचा आराखडा करते, प्रत्येक भागाचं माप आणि दर्जा ठरवून देते, तो तपासून घेते आणि सगळं एकत्र जोडते.

यातूनच सुट्या भागांचा बाजार उभा राहतो. त्यात पाच प्रकारचा माल असतो. पहिला, ट्रक कंपनीच्या खोक्यातला, जो शोरूममध्ये आणि अधिकृत विक्रेत्यांकडे मिळतो. दुसरा, भाग बनवणाऱ्या मूळ कंपनीनं स्वतःच्या नावाच्या खोक्यात विकलेला. तिसरा, ट्रक कंपनीला माल न पुरवणाऱ्या, पण स्वतःचं नाव आणि हमी देणाऱ्या उत्पादकाचा. चौथा, ज्याला दुकानदार सरळ ‘लोकल’ म्हणतात तो. आणि पाचवा, दुसऱ्याच्या नावाचं खोकं घालून विकलेला बनावट माल.

गोंधळ होतो तो ‘बाजारातला’ या एकाच शब्दात मागचे चारही प्रकार कोंबले जातात म्हणून. दुसऱ्या आणि पाचव्या प्रकारात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण दोन्ही दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या घाऊक बाजारात एकाच गल्लीत मिळू शकतात. म्हणून मिस्त्रीनं “बाजारातला आणू का?” असं विचारलं की त्यावर उलट प्रश्न करायचा: बाजारातला म्हणजे कोणत्या कंपनीचा?

दुसऱ्या प्रकारातला माल बहुतेक वेळा सगळ्यांत फायद्याचा ठरतो. भाग त्याच कारखान्यातला आणि मधला एक नफा कमी. तरी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. एक म्हणजे तीच कंपनी बाजारासाठी वेगळ्या दर्जाचा माल काढत असू शकते. त्यामुळे नुसतं कंपनीचं नाव पुरत नाही, भागाचा नंबर जुळायला हवा. दुसरं म्हणजे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत अ‍ॅक्सल, क्लचचा व्यास किंवा ब्रेकचं माप वेगळं असू शकतं. शोरूमच्या काउंटरवरचा माणूस चॅसिस नंबर टाकून नेमका भाग काढतो. शोरूमच्या किमतीत या सोयीचे पैसे असतात, तसेच मॉडेल बंद झाल्यावरही वर्षानुवर्षं साठा ठेवण्याचे आणि हमीचेही असतात. पुष्कळ जाणते मालक शोरूममधून नंबर पक्का करून घेतात आणि त्या नंबराचा भाग मूळ उत्पादकाच्या खोक्यात शोधतात.

शंभर रुपयांच्या भागानं मोडलेला ब्रेक

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी मागच्या चाकाच्या हबचा ऑइल सील पाहू. रबराची एक कडी, आतून बारीक स्प्रिंग, बाहेरून पत्र्याचं कडं. किंमत इतकी कमी की घासाघीस करतानाही संकोच वाटावा. हबमधलं ग्रीस आणि अ‍ॅक्सलमधलं ऑइल आत रोखून धरणं हे त्याचं काम.

हलक्या सीलचं रबर उष्णता सहन करत नाही. घाटात हब तापला की त्याची कड कडक होते, मग तिला चिरा जातात. तेल बाहेर झिरपतं आणि थेट ब्रेक ड्रममध्ये उतरतं. लायनर तेल शोषून घेतं, त्या चाकाची पकड जाते आणि ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. चालक वर्कशॉपमध्ये येऊन सांगतो, “ब्रेक कमी लागतोय.” चाक उघडल्यावर तेलकट लायनर फेकून द्यावं लागतं, जोडीच्या चाकाचंही बदलावं लागतं, बेअरिंग कोरडं चाललं असेल तर तेही जातं. सीलमध्ये वाचवलेल्या शंभरभर रुपयांपायी काही हजारांचं काम निघतं. हे सगळं वर्कशॉपमध्ये उघडकीला आलं तर नशीब चांगलं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर उघडकीला आलं तर त्या सीलची किंमत भलत्याच माणसांना मोजावी लागते.

भागाची किंमत पाहून त्याचं महत्त्व ठरवता येत नाही, हे या उदाहरणातून दिसतं. महत्त्व ठरतं त्याच्या निकामी होण्यातून. त्या हिशेबानं ट्रकच्या भागांच्या तीन राशी करता येतात.

पहिली रास: जिथं माणसाचा जीव आहे

ब्रेक, स्टिअरिंग आणि चाक यांत येणारं सगळं या राशीत: लायनर, ब्रेक चेंबर, स्लॅक अ‍ॅडजस्टर, व्हॉल्व्ह, ब्रेकचे होज, टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, किंगपिन, हबचं बेअरिंग, हबचा सील, चाकाचे बोल्ट-नट, पाट्यांचे यू-बोल्ट. यांतला कोणताही भाग गेला तर गाडी चालकाच्या हातात राहत नाही. इथं पर्याय दोनच: ट्रक कंपनीचं खोकं किंवा मूळ उत्पादकाचं खोकं. गाडी जुनी आहे, पुढच्या वर्षी विकायची आहे, ही सबब इथं चालत नाही.

लायनरचंच पाहा. घाट उतरताना वारंवार ब्रेक लावला की ड्रम आणि लायनर दोन्ही तापतात. तापमान वाढेल तसं घर्षण कमी होतं. चांगल्या लायनरमध्ये ही घट काबूत राहील असं मिश्रण असतं. हलक्या लायनरमधलं राळेचं बंधन जळू लागतं, पृष्ठभागावर काचेसारखी तकाकी येते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. पुष्कळ लायनरच्या कडेवर इतर आकड्यांबरोबर दोन इंग्रजी अक्षरांची खूण छापलेली असते. त्यातलं पहिलं अक्षर थंड असतानाचं घर्षण सांगतं आणि दुसरं तापल्यावरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45, ‘जी’ म्हणजे 0.45 ते 0.55. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर ते लायनर तापल्यावर ढिलं पडतं. हे पाहायला चष्म्यापलीकडे काही लागत नाही.

आणखी एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांना एकाच कंपनीचं, एकाच दर्जाचं लायनर हवं. डावीकडे शोरूमचं आणि उजवीकडे दुसरं कुठलं तरी बसवलं तर दोन्ही चांगली असूनही ब्रेक समान लागत नाहीत आणि गाडी एका बाजूला ओढते.

दुसरी रास: जिथं गाडी रस्त्यात उभी राहते

क्लच, वॉटर पंप, अल्टरनेटर, सेल्फ, पंख्याचा बेल्ट, फिल्टर, गॅस्केट, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, सेंटर बेअरिंग, पाटे. यांतले बहुतेक भाग गेल्यानं जीव जात नाही, पण खेप जाते. अपवाद क्रॉसचा आणि मुख्य पाट्याचा: धावत्या गाडीत क्रॉस तुटून शाफ्ट रस्त्याला टेकला किंवा मुख्य पाटा मोडून अ‍ॅक्सल सरकला तर ती थेट पहिल्या राशीतली गोष्ट होते. बाकीच्यांचा मात्र हिशेब मांडायचा, आणि तो दर हजार किलोमीटरला किती खर्च येतो असा मांडायचा.

समजा, क्लचचा सेट शोरूममध्ये 22,000 रुपयांना, मूळ उत्पादकाच्या खोक्यात 17,000 ला आणि लोकल 11,000 ला मिळतो. मजुरी 4,000. हप्ता, विमा, कर आणि चालकाचा पगार मिळून उभ्या गाडीचा खर्च दिवसाला 3,000, आणि कामाला दोन दिवस. म्हणजे तिन्हीकडे मालाच्या किमतीवर 10,000 ची भर पडते. चांगले दोन्ही सेट दीड लाख किलोमीटर चालले आणि लोकल 60,000 चालला, असं धरू. शोरूमचा क्लच हजार किलोमीटरला सुमारे 213 रुपयांना पडतो, मूळ उत्पादकाचा 180 ला आणि लोकल 350 ला. काउंटरवर सगळ्यांत स्वस्त वाटलेला माल रस्त्यावर सगळ्यांत महाग ठरला. लोकल सेट 1 लाख 17 हजार किलोमीटरच्या आसपास चालला, तरच तो मूळ उत्पादकाच्या सेटशी बरोबरी करतो. आकडे गाडीगणिक बदलतील, हिशेबाची पद्धत तीच राहील. गाडी रस्त्यात बंद पडून क्रेन लावावी लागली, माल दुसऱ्या गाडीत भरावा लागला, तर लोकलचा आकडा आणखी चढतो.

याच हिशेबातून एक साधा नियम निघतो: मजुरी जास्त आणि भाग स्वस्त असेल तिथं चांगलाच भाग घालायचा. गिअरबॉक्स खाली आहे तर रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंगही त्याच वेळी, नामवंत कंपनीची बदलायची. त्या छोट्या बेअरिंगसाठी गिअरबॉक्स पुन्हा खाली घेणं हा निव्वळ तोटा आहे.

डिझेल फिल्टरबद्दल वेगळं सांगायला हवं. आताच्या कॉमन रेल इंजिनांत डिझेलचा दाब 1,600 ते 2,000 बारपर्यंत जातो आणि इंजेक्टरच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून त्या फटीचा अंदाज यावा. हलक्या फिल्टरचा कागद बारीक कण अडवत नाही, घड्या एकमेकींना चिकटतात, पाणी वेगळं होत नाही. बाहेरून दोन्ही फिल्टर सारखेच दिसतात. फरक इंजेक्टर खराब झाल्यावर कळतो आणि तेव्हा बिल फिल्टरच्या कैक पटींत असतं.

तिसरी रास: जिथं बिनधास्त बाजारात जावं

आरसे, मडगार्ड, टेल लॅम्पच्या काचा, वायपर, सीट, दरवाज्याची हँडलं, केबिनचे पत्रे. हे नीट बसले आणि टिकले की काम झालं. समोरची काच बाजारातून घेतली तरी चालते, मात्र ती लॅमिनेटेड हवी आणि तिच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण हवी. टायर आणि बॅटरी तर आपण पहिल्यापासून बाहेरच्या दुकानातून घेतोच. रस्त्याला टेकणारी एकमेव गोष्ट आपण बाहेरून घेतो आणि त्यात वावगं वाटत नाही, कारण तिथं कंपनीचं नाव, हमीचं कार्ड आणि उत्पादनाचा आठवडा आपण पाहून घेतो. तीच सवय इतर भागांना लावली की बाजाराची निम्मी भीती जाते.

बीएस-6 नंतरचा बदल

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 निकष लागू झाले आणि या निवडीत एक नवी बाजू आली. आता भाग नुसता मापाला जुळून भागत नाही, तो गाडीच्या संगणकाला ओळखता यावा लागतो. पुष्कळ इंजेक्टरांवर एक कोड कोरलेला असतो. इंजेक्टर बदलल्यावर तो कोड गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये भरावा लागतो. नाहीतर इंजिन खडखडतं, धूर वाढतो. एबीएसच्या टोन रिंगवरच्या दात्यांची संख्या वेगळी असेल तर चाकाचा वेग चुकीचा मोजला जातो. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करण्यासाठी जे युरियाचं द्रावण वापरतात, त्यात युरिया 32.5 टक्के असावा लागतो. पातळ किंवा अशुद्ध द्रावण घातलं की सेन्सर तक्रार करतो, इशाऱ्याचा दिवा लागतो आणि तरी दुर्लक्ष केलं तर इंजिनाची ताकद मुद्दाम कमी केली जाते. भरली गाडी चढावर रांगू लागते.

त्यामुळे धुराच्या यंत्रणेतले सेन्सर, डोझिंगचा पंप, इंजेक्टर, कंट्रोल युनिट यांच्यासाठी शोरूम किंवा मूळ उत्पादकाचं अधिकृत सर्व्हिस सेंटर हाच रास्त मार्ग आहे. तिथं भागाबरोबर तपासणीचं यंत्रही मिळतं. दोष न तपासता अंदाजानं महागडे सेन्सर बदलत जाणं हा पैसा वाया घालवण्याचा सध्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

हमी आणि कायदा

“बाहेरचा भाग घातलात तर वॉरंटी जाईल,” हे वाक्य काउंटरवर सर्रास ऐकू येतं. त्यात किती तथ्य आहे हे पाहताना भारतीय स्पर्धा आयोगाचा 25 ऑगस्ट 2014 चा आदेश माहीत असावा. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, या तक्रारीवरून आयोगानं 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. भाग बनवणाऱ्या कंपन्यांना तेच भाग स्वतःच्या नावानं खुल्या बाजारात विकू द्यावेत, बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असं आयोगानं बजावलं. पुढं हा वाद वरच्या पातळीवर गेला आणि आदेश मोटारगाड्यांपुरता होता, ट्रकचा नव्हता. तरीही हमीचा विचार कसा करावा याची दिशा त्यातून कळते.

व्यवहारात शहाणपण असं: हमी चालू असेपर्यंत इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल आणि धुराची यंत्रणा यांना बाहेरचा हात लावू द्यायचा नाही. हमीची पुस्तिका वाचून कोणते भाग तिच्यात येतच नाहीत ते पाहायचं. लायनर, क्लच प्लेट, फिल्टर, बल्ब यांसारखे झिजणारे भाग बहुधा तिच्यात नसतात.

सदोष भागाबद्दल दाद मागण्याच्या बाबतीत छोट्या मालकांना एक हक्क आहे, तो फारसा वापरला जात नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये व्यापारी कामासाठी घेतलेला माल साधारणपणे येत नाही. पण जो माणूस केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू वापरतो, त्याला हा कायदा ग्राहकच मानतो. स्वतःचा एकच ट्रक स्वतः चालवणारा माणूस या व्याख्येत बसू शकतो. त्यासाठी हातात बिल हवं, आणि काढलेला भाग जपून ठेवलेला हवा.

बनावट माल कसा टाळायचा

नकली खोकं आता इतकं हुबेहूब छापलं जातं की रंग आणि अक्षरांवर विसंबता येत नाही. काही सवयी उपयोगी पडतात. खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहकसेवेचा नंबर असतो की नाही ते पाहावं. क्यूआर कोड किंवा खरवडायचा कोड असेल तर दुकानातच फोनवर तपासावा. जुना भाग सोबत नेऊन वजन, ओतकामावरचे शिक्के, आट्यांची सफाई ताडून पाहावी; बेअरिंगवरचं नाव कोरलेलं आहे की नुसतं छापलेलं, ते निरखावं. छापील किमतीपेक्षा फारच खाली भाव मिळत असेल तर तिथंच थांबावं.

बिलाशिवाय घेण्याचा मोह पूर्वी मोठा होता, कारण पुष्कळ भागांवर 28 टक्के जीएसटी होता. सप्टेंबर 2025 पासून सर्व सुट्या भागांवर तो 18 टक्के झाला आहे. एवढ्यासाठी हमी आणि पुरावा दोन्ही सोडून देण्यात अर्थ नाही. नकली माल विकणं हा गुन्हा आहे: ट्रेड मार्क्स कायदा, 1999 नुसार त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. आणि एक काम प्रत्येक वर्कशॉपनं करावं: भाग बसवला की खोकं फाडून टाकावं, जुना फिल्टर भोसकून आणि जुनं बेअरिंग फोडून भंगारात द्यावं. धड राहिलेली खोकी आणि पुसून चकचकीत केलेले जुने भाग हाच नकली मालाचा कच्चा माल असतो.

तयार केलेले जुने भाग

नवा आणि नकली यांच्या मधे एक प्रामाणिक वाट आहे: कारखान्यात उघडून, झिजलेलं बदलून, चाचणी घेऊन पुन्हा विकलेली असेंब्ली. टाटा मोटर्सची ‘प्रोलाइफ’ आणि कमिन्सची ‘रीकॉन’ या अशाच योजना. जुना भाग जमा करून कमी किमतीत हमीसह इंजिन किंवा गिअरबॉक्स मिळतो आणि गाडी लवकर रस्त्यावर येते. भंगार बाजारातून काढलेला भाग ही वेगळी गोष्ट आहे. जुन्या मॉडेलचा दरवाजा किंवा डिझेलची टाकी तिथून घ्यायला हरकत नाही, पण स्टिअरिंग बॉक्स किंवा अ‍ॅक्सल किती भारानं, किती अपघातांतून गेला आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

स्वतःची वही

शेवटी सगळ्यांत विश्वासाचा सल्लागार मालकाच्या स्वतःच्या हातात असतो: गाडीगणिक एक वही. भाग, नंबर, कंपनी, दुकान, किंमत, मजुरी, तारीख आणि त्या दिवशीचं किलोमीटर. एवढे रकाने भरत गेलं की दोन-तीन वर्षांत कोणत्या कंपनीचा वॉटर पंप आपल्या मार्गावर, आपल्या भारावर किती चालतो हे आकड्यांत दिसू लागतं. उसाच्या हंगामात शेताच्या बांधावरून कारखान्यावर जाणारी गाडी आणि द्रुतगती मार्गावर कंटेनर ओढणारी गाडी यांची झीज वेगळी असते. दुकानदाराचा अनुभव दोघांना सारखा लागू होत नाही, वहीतला होतो.

त्या वहीच्या पहिल्या पानावर पहिल्या राशीची यादी लिहून ठेवावी आणि ती मिस्त्री, चालक, घरात हिशेब पाहणारा भाऊ किंवा मुलगा, सगळ्यांना दाखवावी. या यादीतल्या भागांसाठी कोणी फोन करून विचारायची गरज नाही, चांगलाच माल आणायचा, असं एकदा सांगून टाकावं. बाकीच्या भागांत मालकानं हवी तेवढी घासाघीस करावी, तो त्याचा धंदा आहे. ब्रेक आणि स्टिअरिंगवर मात्र चालकाचा आणि समोरून येणाऱ्या अनोळखी माणसांचा जीव असतो. त्यांच्या वाट्याची काटकसर करण्याचा अधिकार मालकाला नाही.